निसर्गचित्रातील मन : आबालाल रहिमान

निसर्गचित्रात नदी, झाडे, डोंगर यांखेरीज आणखी काही असते काय? आमच्या घरी चित्र म्हणजे कॅलेंडरवरील देवादिकांचे. त्यामुळे महाविद्यालयात येईपर्यंत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो पडला ग्रंथालयातील एका पुस्तकात आबालाल रहिमान यांचे 'संध्यामठ' हे चित्र पाहिल्यावर.

आबालाल कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १८८८ मध्ये व्हाइसरॉय पदक मिळाले, तरी ते कोल्हापुरासच परतले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थाच्या काठी ते एकांतात राहत आणि पंचगंगा, रंकाळा, कोटितीर्थ ही आपल्या गावची पाणवठ्याची स्थळे रंगवीत. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले व त्यांचा मोठा आधार गेला. १९३१ मध्ये आबालालांचेही निधन झाले.

संध्यामठ ही रंकाळ्यातील दगडी वास्तू. पाणी चढले की ती बुडू लागते, ओसरले की उघडी पडते. हे वाचताच मी वहीत लिहून टाकले, 'बुडता मठ हे दुःखाचे प्रतीक, संध्याकाळ हे आयुष्याच्या अखेरीचे.'

परंतु अशी घाई फसवी असते. व्हॅन गॉगने १८९० मध्ये गव्हाच्या शेतावर उडणारे कावळे रंगविले. ते त्याचे अखेरचे चित्र समजून लोकांनी कावळ्यांत मृत्यू पाहिला. वास्तविक ते अखेरचे नव्हते. त्याच सुमारास रंगविलेल्या गव्हाच्या शेतांविषयी त्याने भावाला कळविले होते की, त्यांत दुःख आणि एकटेपणा आहे, तसेच खेड्यातील निरोगी, बळ देणारेही काही आहे.

पुस्तक घरी नेले तेव्हा आईला ते चित्र दाखविले. ती म्हणाली, "पानी उतरनं का पायऱ्या दिसतीन."

आमचे घर प्रकाशे येथे तापीकाठी. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. त्याला कोणी शोक म्हणत नाही. पाणी उतरण्याची वाट पाहतात. आईचे बोलणे ऐकून मी वहीतील वाक्य खोडले. प्रतीकाला दोन बाजू असतात. बुडणे जितके खरे, तितकेच पुन्हा वर येणेही खरे. आबालालांचे मन शोधायचे तर ते एका मठात न शोधता, तेच पाणी पुनःपुन्हा पाहण्याच्या त्यांच्या ओढीत शोधावे, असे मला वाटते.

शिकलेला मुलगा गावी परतला की 'बुडाला' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. माझे वडीलही त्याच काळजीने मला शहरात जा म्हणतात. मी जाईनही. पण पदक घेऊन घरच्या तळ्याकाठी परतलेल्या या चित्रकाराला बुडालेला म्हणायला माझे मन आता धजत नाही.