ऑटोक्रॉसची गाडी: काय बदलावे, कशाला हात लावू नये

मोठ्या पार्किंगच्या मैदानावर किंवा वापरातून गेलेल्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडून वळणावळणांचा मार्ग आखायचा आणि त्यातून एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध सोडायची, हा झाला ऑटोक्रॉस. अमेरिकेत हौशी चालकांचा हा खूप जुना आणि लाडका खेळ आहे. एक फेरी अर्ध्या मिनिटापासून एका मिनिटापर्यंत चालते. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये असते आणि वेग क्वचितच ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. शंकू पडला किंवा आखलेल्या चौकटीच्या पूर्ण बाहेर सरकला, तर २ सेकंद दंड. शंकूंमधले एखादे दार चुकले, तर ती फेरीच बाद. संध्याकाळी गाडीवरचे आकडे काढून तीच गाडी घरी न्यायची आणि सोमवारी तिनेच ऑफिसला जायचे.

१९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका हा खेळ 'सोलो' या नावाने भरवतो. दर सप्टेंबरात नेब्रास्कातल्या लिंकन शहरी त्याची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि हजाराहून अधिक चालक तिथल्या काँक्रीटवर उतरतात. एवढ्या वेगवेगळ्या गाड्यांची तुलना न्याय्य व्हावी म्हणून गाड्यांचे वर्ग पाडलेले आहेत. त्यातला पहिला गट 'स्ट्रीट', म्हणजे कारखान्यातून आलेली आणि जवळपास तशीच ठेवलेली गाडी. त्यानंतर स्ट्रीट टूरिंग, स्ट्रीट प्रिपेर्ड, स्ट्रीट मॉडिफाइड असे करत बदलांची मोकळीक वाढत जाते आणि शेवटी निव्वळ शर्यतीसाठी बांधलेली यंत्रे येतात. प्रत्येक गटात पुन्हा गाडीच्या क्षमतेप्रमाणे उपवर्ग असतात.

हा लेख स्ट्रीट गटापुरता आहे आणि उदाहरणाला १९९९ ची माझदा मियाटा घेतली आहे. दोन आसनांची, उघड्या टपाची, मागच्या चाकांना ताकद देणारी ही १.८ लिटरची गाडी साधारण १०४० किलोची. ऑटोक्रॉसच्या मैदानावर मियाटा दिसली नाही असा रविवार मिळणे अवघड.

नियमपुस्तक वाचण्याची एक रीत आहे आणि नवख्या माणसाने ती आधी अंगी बाणवावी. पुस्तकात मनाई शोधायची नाही, परवानगी शोधायची. एखादा बदल करू नका असे कुठे लिहिलेले नसले, तरी तो करा असेही लिहिलेले नसेल, तर तो निषिद्ध आहे. 'यात काय मोठा फरक पडणार' हा युक्तिवाद इथे चालत नाही. एअर फिल्टरचेच बघा. आतली जाळी बदलायला स्ट्रीट गटात मुभा आहे, पण हवा आत नेणारी नळी बदलली की गाडी गटाबाहेर गेली. त्या नळीने मियाटाला जेमतेम काही अश्वशक्ती मिळेल. पण त्याच नळीमुळे आपली गाडी वरच्या गटात जाते आणि तिथे इतरांनी स्प्रिंगा बदललेल्या असतात, रुंद रिम बसवलेले असतात. एका छोट्या भागाने एवढी मोठी दरी पडते. म्हणून जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाने काय काय बदलले आहे ते वाकून, टॉर्च मारून पाहावे. खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा तर हमखास सापडतात. त्या काढून मूळच्या शोधून बसवण्याचा खर्च गाडीचा भाव करतानाच धरावा.

आणखी एक बारकावा. त्या वर्षी मियाटा 'स्पोर्ट पॅकेज'सह मिळत असे. त्यात बिल्स्टीनचे शॉकअप होते, टॉर्सन डिफरन्शियल होते, म्हणजे एक चाक घसरू लागले तर दुसऱ्याकडे जास्त जोर देणारे, आणि इतरही काही भाग होते. साध्या मियाटाच्या मालकाला त्यातले फक्त डिफरन्शियल उचलून आपल्या गाडीत बसवता येत नाही. घ्यायचे तर त्या पॅकेजमधले सगळे घ्यावे लागते, नाहीतर काहीच नाही.

मुभा मिळालेल्या गोष्टींची यादी छोटी आहे: टायर, मर्यादेत राहून रिम, शॉकअप, पुढचा किंवा मागचा यांपैकी एक अँटी-रोल बार, ब्रेक पॅड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सायलेन्सरचा भाग आणि कारखान्याने दिलेल्या सोयींपुरते व्हील अलाइनमेंट. इंजिनाला जवळपास हात लावायचा नाही. मला ही यादी फार शहाणपणाची वाटते. तळहाताएवढ्या चार ठिकाणी गाडी जमिनीला टेकलेली असते आणि यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या चार जागांवर काम करते. पैसेही त्याच क्रमाने घालावेत.

टायर सर्वांत आधी, आणि बाकी सगळ्यापेक्षा जास्त. स्ट्रीट गटात टायरच्या कडेवर छापलेला 'ट्रेडवेअर' आकडा किमान २०० असावा लागतो. २०१४ च्या आधी हा गट 'स्टॉक' म्हणून ओळखला जाई आणि त्यात जवळपास शर्यतीचेच मऊ टायर चालत. खर्च हाताबाहेर जाई, शिवाय ते टायर रोजच्या रस्त्याला निरुपयोगी. आकड्याची अट आली ती हे आवरायला. हा आकडा टायर किती टिकेल याचा अंदाज सांगतो. प्रमाण टायरला १०० धरले, तर २०० चा टायर दुप्पट टिकावा. मात्र तो ठरवतो स्वतः उत्पादक. त्यामुळे ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस किंवा योकोहामाचा ए०५२ यांसारखे टायर २०० चा शिक्का बाळगूनही साध्या टायरपेक्षा कितीतरी जास्त पकड देतात आणि झिजतातही भराभर. साध्या टायरवरून अशा टायरवर आले की मिनिटाच्या फेरीत सेकंदांचा फरक पडतो. इतर कुठल्याही भागाने एवढा फरक पडत नाही.

रिमची रुंदी मात्र मूळचीच ठेवावी लागते. व्यास एक इंचाने कमी-जास्त चालतो आणि रिम आत-बाहेर सरकण्यालाही काही मिलिमीटरांचीच मुभा असते. मियाटाच्या १५ इंची रिमची रुंदी ६ इंच, म्हणजे टायरही बेताचाच घ्यावा लागतो. अरुंद रिमवर फार रुंद टायर चढवला तर त्याच्या कडा वळणात दुमडतात आणि रुंदीचा लाभ हातून जातो.

हवेच्या दाबाला बंधन नाही, आणि तपासायला खडूचा एक तुकडा पुरतो. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ ओढायची, फेरी मारायची आणि रेघ कुठवर पुसली ते पाहायचे. कडेवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्याही खाली पुसली गेली असेल तर टायर फार झुकतोय, दाब वाढवा. वरचीही रेघ शाबूत असेल तर दाब जास्त झाला. एका गाडीवर दोन चालक पाळीपाळीने फेऱ्या मारत असतील तर टायर तापतात आणि निसरडे होतात. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये फवाऱ्याने टायरवर पाणी मारणारी मंडळी मैदानावर हमखास दिसतात.

आता शॉकअप आणि बार यांच्याकडे येऊ. त्यासाठी आधी थोडा हिशेब हवा.

गाडी आणि चालक मिळून ११०० किलो धरू. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ४६ सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १४२ सेंटिमीटर. चांगल्या टायरवर गाडी वळणात गुरुत्वाकर्षणाइतका बाजूचा जोर सहज सोसते. तेव्हा आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारे वजन म्हणजे ११०० गुणिले ४६ भागिले १४२, म्हणजे साडेतीनशे किलोच्या वर. सरळ चालताना दोन्ही बाजूंना साडेपाचशे किलो होते. वळणात बाहेर नऊशे आणि आत जेमतेम दोनशे उरतात. ही एकूण बेरीज शॉकअपने बदलत नाही, बारनेही नाही. ती फक्त वजन, उंची आणि रुंदीवर ठरते. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे वजन जितके एका बाजूला झुकेल तितकी त्या जोडीची मिळून पकड घटते.

मग डावे आणि उजवे चाक जोडणारा हा बार काय करतो? हे साडेतीनशे किलो पुढच्या जोडीने किती सोसायचे आणि मागच्या जोडीने किती, एवढेच तो ठरवतो. पुढचा बार जाड केला की वजन सरकण्याचा मोठा वाटा पुढची चाके उचलतात आणि मागच्या जोडीत आतल्या चाकावर थोडा जास्त भार टिकतो. साध्या डिफरन्शियलच्या मियाटाला हेच हवे असते. आतले मागचे चाक हलके झाले की वळणातून बाहेर पडताना ते जागच्या जागी गरगर फिरते आणि बाहेरच्या चाकालाही त्याच्याइतकाच तोकडा जोर मिळतो. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत हा न्याय उलटा लागतो. तिथे मागचा बार जाड करतात, म्हणजे पुढचे आतले चाक जमिनीला टेकून राहते. एकच बार बदलता येतो, म्हणून हा निर्णय गाडी ओळखून घ्यावा.

बारची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते हेही ध्यानात असू द्यावे. २२ मिलिमीटरचा भरीव बार २५ चा केला तर दिसायला फरक तीन मिलिमीटरचा, पण कडकपणा सुमारे दोन-तृतीयांशाने वाढतो. हौसेने सर्वांत जाड बार घातला तर पुढची चाके वळणात सरळ घसरू लागतात, म्हणून तोलून घ्यावा.

शॉकअपबद्दल गैरसमज बरेच आहेत. स्प्रिंगा मूळच्याच ठेवायच्या आणि त्यांची बैठकही मूळ जागीच, त्यामुळे लांबलचक वळणात गाडी शेवटी तेवढीच कलते. पण ऑटोक्रॉसमध्ये लांबलचक वळण असते कुठे? ओळीने मांडलेल्या शंकूंमधून डावीकडे-उजवीकडे जाताना गाडी एका बाजूला पुरती कलायच्या आतच तिला दुसरीकडे फिरावे लागते. या मधल्या क्षणात वजन टायरवर किती लवकर पोचते, हे शॉकअप ठरवतो. चांगला शॉकअप असला की स्टिअरिंग फिरवताच गाडी प्रतिसाद देते आणि शंकूंच्या ओळीत दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर झोके खात नाही.

नियमाने शॉकअपला बाहेरून जास्तीत जास्त दोन समायोजने चालतात, एक दबण्याचे आणि एक परत उलगडण्याचे. कोनीचा पिवळा शॉकअप फक्त उलगडण्याचे समायोजन देतो आणि सुरुवातीला तेवढे भरपूर झाले. हे बटण घट्ट करण्याचा मोह मात्र आवरावा. उलगडणे फार घट्ट केले तर खडबडीत डांबरावर चाक वेळेत खाली येत नाही, टायर क्षणभर हवेत राहतो आणि पकड तिथेच जाते. अगदी सैल जागेपासून सुरुवात करून एकेक पाऊल वाढवत जावे. दर वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत टिपून ठेवावी.

अलाइनमेंटला खर्च कमी आणि लाभ मोठा. वळणात गाडी कलली की बाहेरचा टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. म्हणून चाकांचा वरचा भाग आधीच थोडा आत झुकवून ठेवतात, त्याला उणा कॅम्बर म्हणतात. मियाटाला खालच्या आर्मवर फिरकीचे बोल्ट कारखान्यानेच दिले आहेत, पण मूळ उंचीवर पुढे साधारण दीड अंशाच्या आसपासच मजल जाते. तो शेवटचा अंश काढायचा तर कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल, थोडा सोडावा लागतो. मी तो सोडण्याच्या बाजूचा आहे. पुढच्या चाकांची तोंडे किंचित बाहेर ठेवली की गाडी वळणात चटकन शिरते. मागची किंचित आत ठेवली की शेपूट शांत राहते. फार बाहेर मात्र नको. महामार्गावर गाडी भटकते आणि टायरची आतली कड सोलवटते.

ब्रेक पॅड निवडताना शर्यतीचे पॅड टाळावेत. ते तापल्यावरच धरतात आणि एका मिनिटाच्या फेरीत तेवढे तापतच नाहीत. रस्त्यावरचे जरा बरे पॅड इथे सरस ठरतात. मागचा सायलेन्सर बदलून शक्ती नाममात्र वाढते, खरा फायदा काही किलो कमी होण्यात आहे. सुटा जॅक आणि स्टेपनी काढता येते. गालिचे किंवा मागचे आवरण उपटून वजन घटवता येत नाही.

महाराष्ट्रात हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुधा मातीच्या मैदानावर होतो आणि त्याचे टायर, त्याची तयारी निराळी असते. शिवाय रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे. त्यामुळे वरची यादी जशीच्या तशी पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या गॅरेजात नेऊ नये.

स्पर्धेच्या सकाळी तपासणी होते. बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, चाकांचे नट आवळलेले आहेत का, बेअरिंगला खेळ आहे का, आत काही सुटे पडले आहे का, हेल्मेट मान्य दर्जाचे आहे का, हे पाहतात. मग मार्ग पायी फिरून पाठ करायचा. आपली पाळी नसते तेव्हा मैदानात उभे राहून इतरांनी पाडलेले शंकू उचलायचे, हेही प्रत्येकाचे काम.

वेगवेगळ्या वर्गांची एकत्र तुलना करायला प्रत्येक वर्गाचा एकाहून लहान गुणक असतो. वेळेला त्याने गुणले की मियाटा आणि दुप्पट शक्तीची कॉर्व्हेट एकाच तक्त्यात येतात. समजा गुणक ०.८ आहे. तर ५० सेकंदांची फेरी ४० ची मानली जाते. म्हणूनच वरच्या गटात जाताना विचार करावा. गट बदलला की हा गुणकही वाढतो आणि नव्या भागांनी मिळालेला वेळ आधी तो वाढलेला गुणक भरून काढण्यातच खर्ची पडतो. टायर, शॉकअप, बार आणि अलाइनमेंट पूर्ण होऊन एक अख्खा हंगाम त्याच गाडीवर गेल्याशिवाय स्प्रिंगांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्या काळात चालकाला मार्ग वाचता येऊ लागतो आणि त्यातून मिळणारा वेळ कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

क्लबच्या 'फास्टट्रॅक' या मासिक पत्रकात नियमांच्या दुरुस्त्या येत राहतात आणि गाड्या एका उपवर्गातून दुसऱ्यात हलतात. त्यामुळे नव्या वर्षाचे पुस्तक आले की आधी आपल्या गाडीची ओळ कुठल्या वर्गात आहे ते पाहावे आणि मगच नव्या टायरची मागणी नोंदवावी.