अभिजात रहस्यकथा

अभिजात रहस्यकथा : आरंभी एखादा गुन्हा, बहुधा खून, घडावा, तो कोणी, कसा आणि कशासाठी केला हे अज्ञात असावे, आणि एखाद्या अन्वेषकाने केवळ उपलब्ध पुराव्याच्या व तर्काच्या बळावर त्याचा उलगडा करावा, अशी रचना असलेला कथाप्रकार. मराठीत ‘रहस्यकथा’ ही संज्ञा बरीच सैलपणे वापरली जाते. साहसकथा, हेरकथा, दरोडेखोरांच्या कथा, एवढेच नव्हे तर भुताखेतांच्या गूढकथाही तिच्या पोटात घातल्या जातात. प्रस्तुत नोंदीत तर्काधिष्ठित अशा मूळ प्रकाराचा आणि त्याच्या चिरस्थायी लोकप्रियतेचा विचार केला आहे. रहस्य एकदा उलगडल्यावर कथेत काही उरू नये, अशी अपेक्षा असते; तरीही शंभर वर्षांपूर्वीच्या या कथा पुनःपुन्हा वाचल्या जातात. हे कसे घडते, हाच या प्रकारासंबंधीचा मुख्य प्रश्न होय.

गुन्ह्याचा शोध हा विषय प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या कंटकशोधन या अधिकरणात ‘आशुमृतकपरीक्षा’ हे प्रकरण असून, अकस्मात मरण पावलेल्या व्यक्तीचा मृत्यू गळफासाने, बुडून की विषाने झाला हे शरीरावरील चिन्हांवरून कसे ओळखावे, याचे विवेचन त्यात आढळते. मात्र शोधाची कथा होण्यासाठी वेगळी परिस्थिती यावी लागली. कबुलीजबाबापेक्षा पुराव्याला महत्त्व देणारी न्यायव्यवस्था, संघटित पोलीसदल, अनोळखी माणसांनी भरलेली मोठी शहरे आणि नियतकालिके वाचणारा मध्यमवर्ग या गोष्टी एकोणिसाव्या शतकात एकत्र आल्या. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ (१८४१) ही या प्रकारातील पहिली कथा समजली जाते. बुद्धिमान पण विक्षिप्त अन्वेषक, त्याचा काहीसा भाबडा मित्र हाच निवेदक आणि आतून बंद असलेली खोली, ही पुढे रूढ झालेली सामग्री या एकाच कथेत आली आहे. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) ही कादंबरी भारतीय वाचकास विशेष जवळची वाटावी. श्रीरंगपट्टणच्या लुटीत इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती लागलेल्या हिऱ्याभोवती ती रचलेली असून तिचा शेवट सोमनाथ येथे होतो. आर्थर कॉनन डॉइल याने ‘ए स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) मध्ये शेरलॉक होम्स निर्माण केला आणि १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकातील कथांनी त्याला घरोघरी नेले.

या कथांचे तंत्र प्रत्यक्ष उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. पुढील उदाहरण सर्वस्वी कल्पित आहे. सायंकाळी नागपूरहून सुटलेली एक पॅसेंजर गाडी अजनी, खापरी, गुमगाव ही स्थानके घेत बुटीबोरीस येते. तेथे एका व्यापाऱ्याची पेटी नाहीशी झाल्याचे उघडकीस येते. फलाटावरील एक गृहस्थ पोलिसांस सांगतो, की आपण याच गाडीने नागपूरहून आलो. इंजिनाकडे तोंड करून खिडकीशी बसलो होतो. डावीकडून मावळतीचे ऊन डोळ्यांवर येत असल्याने झडप ओढून घेतली आणि डुलकी लागल्यामुळे काही पाहिले नाही. वाचक हे उन्हाचे वाक्य वातावरणनिर्मितीचे म्हणून सोडून देतो. परंतु नागपूरहून बुटीबोरीकडे लोहमार्ग दक्षिणेस जातो. इंजिनाकडे तोंड केलेल्या प्रवाशाच्या उजव्या हाताला पश्चिम असते. ऊन डावीकडून आले असेल, तर तो गृहस्थ वर्ध्याकडून उत्तरेस येणाऱ्या गाडीत बसलेला होता. साथीदाराने खिडकीतून दिलेली पेटी घेण्यासाठी तो आधीच फलाटावर येऊन थांबला असला पाहिजे आणि आपल्या खऱ्या प्रवासातली आठवण त्याने खोट्या प्रवासाला चिकटवली, हे अन्वेषक दाखवून देतो.

या उदाहरणात वाचकापासून काहीही लपवलेले नाही. दिशा, वेळ, ऊन, सर्व त्याच्यासमोर मांडलेले होते. त्याने ते पाहिले पण पारखले नाही. शेवटी त्याला होणारा आनंद म्हणजे निव्वळ आश्चर्य नव्हे, तर ‘हे मलाही कळायला हवे होते’ ही गोड हळहळ असते. डॉइलच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) या कथेतील पुरावा तर घडलेल्या गोष्टीचा नसून न घडलेल्या गोष्टीचा आहे : तबेल्यातील कुत्रा रात्री भुंकला नाही, म्हणजे येणारा माणूस त्याच्या ओळखीचा होता. खरा दुवा उघड्यावर ठेवायचा आणि वाचकाचे लक्ष दुसरीकडे वळवायचे, हे या कलेचे मर्म होय. जादूगाराची हातचलाखीही याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच, की जादूगार आपली युक्ती सांगत नाही आणि रहस्यकथाकाराला ती सांगावीच लागते.

लेखक आणि वाचक यांच्यातील हा अलिखित करार दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात, ज्याला या प्रकाराचे सुवर्णयुग म्हणतात, चक्क लिहून काढण्यात आला. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ मध्ये वीस नियम सांगितले. पुढील वर्षी रॉनल्ड नॉक्स या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूने दहा आज्ञा तयार केल्या. गुन्हेगार कथेच्या आरंभीच्या भागातच वाचकास भेटला पाहिजे, दैवी शक्तीचा आधार घेऊ नये, अन्वेषकाला सापडलेला दुवा वाचकालाही तत्काळ दिसावा, असे त्यांचे स्वरूप आहे. लंडनमध्ये १९३० साली स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’चे सदस्य अशा अर्थाची शपथही घेत, जी. के. चेस्टर्टन हा त्याचा पहिला अध्यक्ष. नियमांची ही चर्चा अर्धी गंमत होती हे खरे. तथापि ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) या कादंबरीतील शेवटच्या कलाटणीवर जो वाद माजला, त्यावरून वाचक हा करार किती मनावर घेत असत ते दिसते. ती कलाटणी येथे सांगणे उचित नव्हे. मात्र कादंबरी दुसऱ्यांदा वाचल्यास लेखिकेने एकही खोटे वाक्य लिहिलेले नाही, हे ध्यानात येते.

या प्रकाराच्या आकर्षणाची मीमांसा अनेकांनी केली आहे. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन याने १९४८ च्या एका निबंधात या कथांना व्यसनाची उपमा दिली. त्याच्या मते खुनामुळे एका छोट्या, सुखी समाजाची निष्पापता भंग पावते, प्रत्येकजण संशयित ठरतो आणि खरा अपराधी सापडताच उरलेल्यांवरील किटाळ दूर होते. वाचकाच्या मनातील अपराधभावनेलाही त्यातून क्षणभर सुटका मिळते. याउलट एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने १९४५ मध्ये अशा कथा म्हणजे पेंढ्याने भरलेली खोकी, आत शोधून हाती येतात ते चारदोन गंजके खिळे, अशा आशयाची टीका केली. रेमंड चँडलर याचा आक्षेप वेगळा होता. हवेल्यांतील हे नाजूक खून खऱ्या गुन्हेगारी जगापासून तुटलेले आहेत, असे त्याचे म्हणणे. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो काहीसा अप्रस्तुत वाटतो. बुद्धिबळातील घोडा खऱ्या घोड्यासारखा धावत नाही म्हणून कोणी त्या खेळास दोष देत नाही.

ऑडेनच्या मीमांसेतही एक उणीव राहते. कथा संपताच आपण ती विसरतो आणि पुन्हा वाचण्याची इच्छा होत नाही, असे तो स्वतःच नमूद करतो. सामान्य वाचकाचा अनुभव मात्र तसा नाही. अपराधी कोण हे ठाऊक असूनही होम्सच्या कथा वाचल्या जातात. पहिल्या वाचनात वाचक अन्वेषकाच्या मागे धावत असतो. दुसऱ्या वाचनात तो लेखकाचा हात पाहतो. शिवाय बेकर स्ट्रीटवरील ती खोली, धुके, दारावर आलेला घाबरा अशील आणि दोन मित्रांचा सहवास यांची ओढ रहस्यावर अवलंबून नसते. डॉइलने १८९३ मध्ये होम्सला मारून टाकले, तेव्हा वाचकांनी शोक केला तो या सहवासासाठी. १९०३ मध्ये लेखकाला त्याला परत आणावे लागले. कीर्तनातील आख्यान श्रोत्यांना तोंडपाठ असते, म्हणून कोणी उठून जात नाही.

मराठीत या प्रकाराची वाट वेगळ्या दिशेने गेली. जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्झच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३–१९४१) यांनी ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. भुयारे, वेषांतरे आणि कारस्थाने यांनी भरलेल्या या कृतींत रहस्य भरपूर आहे, अन्वेषण थोडे. पुढे बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण; मृत्यू १९९६) यांनी रहस्यकथेला मराठीत अपूर्व वाचकवर्ग मिळवून दिला. १९३६ ते १९८४ या काळातील त्यांच्या १,०९२ लघुरहस्यकादंबऱ्यांची नोंद गिनीज विक्रमपुस्तकाने घेतली आहे. त्यांचा धनंजय आणि त्याचा सहायक छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची. परंतु वाचकांनी तितकेच, किंबहुना अधिक, प्रेम केले ते काळापहाड आणि झुंझार यांच्यावर, म्हणजे कायद्याच्या कक्षेबाहेर राहून दुष्टांना लुबाडणाऱ्या व दुर्बळांना साहाय्य करणाऱ्या नायकांवर. या नायकांचे मूळ पाश्चात्त्य ‘सज्जन चोरा’त असले, तरी मराठी वाचकाला ते परके वाटले नाहीत. परकीय राजवटीतील पोलिसाकडे न्यायाचा प्रतिनिधी म्हणून पाहणे ज्या समाजाला अवघड होते, त्याला कायद्यापेक्षा न्याय मोठा मानणारा वीर जवळचा वाटावा, हे स्वाभाविक आहे.

कोड्याच्या स्वरूपाची कथा मराठीत फारशी रुजली नाही, याचे आणखी एक कारण सांगितले जाते. चाळीत किंवा वाड्यात कोण केव्हा आले-गेले हे सर्वांना दिसते. तेथे बंद खोलीचे रहस्य कसे घडावे? हे कारण पूर्णतः पटणारे नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये बंगालीत ब्योमकेश बक्षी याला प्रथम आणले ते कोलकात्यातील एका गजबजलेल्या खाणावळ-वसतिगृहात, आणि तेथेही निखळ तर्काची कथा उभी राहिली. ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर न म्हणवता ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो, ही गोष्टही लक्षणीय आहे. तेव्हा मराठीतील उणीव जागेची नसून बहुधा सवडीची असावी. महिन्याला अनेक पुस्तके देण्याचे बंधन असलेल्या लेखकास प्रत्येक दुवा तोलून मांडण्यास वेळ मिळणे कठीणच होते. वाचनालयांतून दिवसाच्या भाड्याने ही पुस्तके नेली जात. तीत वेगाला किंमत होती.

मराठी समीक्षेने या साहित्याची दखल जवळजवळ घेतलीच नाही, आणि हा अन्याय होय. मोडी गेली आणि बालबोध आली तरी ज्या घरात पुस्तक येत नव्हते, त्या घरात ते अर्नाळकरांच्या रूपाने आले. अर्नाळकरांनंतर गुरुनाथ नाईक (मृत्यू २०२१) व सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी हा वाचकवर्ग टिकवला. शिरवळकरांच्या अमर विश्वास या वकिलाच्या कथांत न्यायालयीन युक्तिवादाला विशेष स्थान आहे. भा. रा. भागवत यांनी फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे निर्माण करून किशोरवयीन वाचकांना निरीक्षणाची गोडी लावली. चित्रपटात राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला असून त्यावरूनच पुढे ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट निघाला.

मूळ तर्कप्रधान परंपरा मराठी वाचकापर्यंत मुख्यतः अनुवादांद्वारे पोहोचली. भालबा केळकर यांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या, तर नाट्यक्षेत्रातील मधुकर तोरडमल यांनी ॲगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांचे अनुवाद केले. सत्यजित राय यांनी १९६५ पासून लिहिलेल्या फेलूदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठीत उपलब्ध झाल्या. स्वतंत्र मराठी अन्वेषक मात्र, ज्याच्या कथेतील प्रत्येक दुवा मागे वळून तपासता यावा असा, विरळाच आढळतो.