वैद्यकीय प्रवेश मुलाखत

वैद्यकीय प्रवेश मुलाखत म्हणजे वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या उमेदवाराची निवड करण्यापूर्वी महाविद्यालयाने घेतलेली तोंडी परीक्षा होय. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा इत्यादी देशांत ती प्रवेशप्रक्रियेचा नेहमीचा भाग आहे. महाराष्ट्रात मात्र एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाचे जवळजवळ सर्व प्रवेश राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेतील (नीट) गुणांवरून होतात. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय हा याला ठळक अपवाद आहे.

पार्श्वभूमी

भारतात मुलाखतीच्या गुणांवर मनमानीचा आक्षेप अनेकदा घेतला गेला. अजय हसिया विरुद्ध खालिद मुजीब या खटल्यात श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने एकूण १५० पैकी ५० गुण मुलाखतीसाठी ठेवले होते. उमेदवारांच्या मुलाखती दोन-तीन मिनिटांतच आटोपल्याची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८० मध्ये दिलेल्या निकालात अशा प्रवेशांसाठी मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण देणे मनमानीचे ठरवले. पुढे २०१६ पासून वैद्यकीय प्रवेशासाठी नीट बंधनकारक झाल्यावर पदवी स्तरावरील मुलाखतीला फारच थोडी जागा उरली.

सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, पुणे

हे महाविद्यालय १९४८ मध्ये स्थापन झाले असून ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. येथील विद्यार्थ्याला पदवीनंतर सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करावे लागते. त्यामुळे निवड करताना परीक्षेतील गुणांबरोबरच सेवेची तयारी व शारीरिक पात्रताही तपासली जाते. उमेदवार अविवाहित असणे आवश्यक असते.

नीटच्या निकालानंतर इच्छुकांना वैद्यकीय समुपदेशन समितीच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. गुणवत्तेनुसार निवडलेल्या उमेदवारांना पुण्यास बोलावले जाते. तेथील टप्पे पुढीलप्रमाणे असतात.

कागदपत्रांची पडताळणी: दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, नीटचे प्रवेशपत्र व निकाल, ओळखपत्र आणि छायाचित्रे तपासली जातात. मूळ प्रती जवळ असणे आवश्यक असते.

संगणकीय चाचणी: इंग्रजी भाषा, आकलन, तर्क व अनुमान यांवर ४० बहुपर्यायी प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला २ गुण व एकूण वेळ ३० मिनिटे असून चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा होतो.

मानसशास्त्रीय चाचणी: अलीकडच्या वर्षांत हा टप्पा जोडण्यात आला आहे.

मुलाखत: उमेदवार मंडळासमोर एकटा जातो. सैनिकी वैद्यकीय सेवा का निवडली, कुटुंब व शिक्षण, छंद, खेळ आणि चालू घडामोडी यांवर सामान्यतः प्रश्न विचारले जातात. मुलाखतीसाठी ५० गुण असतात. नीट व संगणकीय चाचणीचे एकत्रित गुण २०० पैकी रूपांतरित करून त्यांत हे गुण मिळवले जातात आणि २५० गुणांवरून अंतिम गुणवत्ता यादी लागते.

वैद्यकीय तपासणी: उंची, वजन, दृष्टी, रंगज्ञान, श्रवण व सांधे यांची तपासणी सैनिकी निकषांनुसार होते. गुणवत्ता यादीत वरचे स्थान असले तरी अपात्र ठरलेल्याला प्रवेश मिळत नाही. मात्र त्याला अपील वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते.

निवड झालेल्यास सेवेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. शिक्षण व निवास विनाशुल्क असले, तरी पदवीनंतर सेवा नाकारल्यास बंधपत्राची रक्कम भरावी लागते. म्हणून मुलाखतीपूर्वीच विद्यार्थी व पालक यांनी बंधपत्राच्या अटी समजून घेणे महत्त्वाचे ठरते. या अटी व गुणांची विभागणी त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

मुलाखतीविना प्रवेश

राज्यातील इतर शासकीय व खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांत मुलाखत नसते. शासकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर उरलेल्या ८५ टक्के जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत भरल्या जातात. या प्रक्रियेला ‘समुपदेशन’ म्हटले जात असले, तरी त्यात प्रत्यक्ष संवाद नसतो. पसंतीक्रम भरणे, जागावाटप आणि महाविद्यालयात हजर होणे असे तिचे स्वरूप असते.

पशुवैद्यकीय शिक्षणातही हीच पद्धत आहे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ (ता. खंडाळा) येथे पुणे–सातारा महामार्गालगत क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या या महाविद्यालयातील प्रवेश नीटच्या गुणांवर आधारित केंद्रीय प्रक्रियेने होतात. प्रवेशाच्या दिवशी येथे प्रश्नोत्तरे होत नाहीत, कागदपत्रेच निर्णायक ठरतात. अधिवास, जात वैधता किंवा नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र मुदतीत सादर न झाल्यास राखीव जागेवरील हक्क गमवावा लागू शकतो.

इतर देशांतील पद्धत

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने बहुलघु मुलाखतीची पद्धत विकसित केली. तीत उमेदवार ठरावीक मिनिटांच्या अंतराने एका कक्षातून दुसऱ्या कक्षात जातो. प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक नैतिक पेच, संवाद किंवा सहकार्य यांवरील प्रसंग देतो. एकाच परीक्षकाच्या अनुकूल वा प्रतिकूल मताचा निकालावरील प्रभाव कमी करणे हा तिचा हेतू आहे. ब्रिटनमधील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनीही ही पद्धत स्वीकारली आहे.