पिळायच्या आधी किसा

चंडीगड-मोहालीच्या भागात थंडीत बाजारात गलगल दिसते. हे डोंगरी लिंबू मोठे, पिवळेधमक आणि जाड सालीचे असते. पंजाब-हिमाचलात त्याचे लोणचे घालतात. आपल्याकडच्या माणसाला ते ईडलिंबाचे भाऊबंदच वाटेल.

आपले कागदी लिंबू नावाप्रमाणेच पातळ सालीचे. ते पिळायचे आणि फेकायचे, एवढाच त्याचा आपल्या ओट्यावरचा कार्यक्रम. अपवाद लोणच्याचा. तिथे मिठात मुरलेली सालच खायची असते, रसाला कोण विचारतो! बाकी वेळी आपण लिंबातला आंबटपणा घेतो आणि त्याचा वास कचऱ्यात टाकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण वास रसात फारसा नसतोच. सालीच्या वरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्या तेलात मुख्यतः लिमोनीन, पण लिंबाचा खास वास येतो तो सिट्रालमुळे. खालचा पांढरा थर कडू. साल वाकवली की पिशव्या फुटून तेल उडते. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ही चिळकांडी मोजली, तर तिचा वेग सेकंदाला १० मीटरच्याही वर गेला. संत्र्याची साल पणतीच्या ज्योतीवर दाबून ठिणग्या उडवणाऱ्या पोरांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नव्हती. बारमध्ये कॉकटेलवर संत्र्याच्या सालीचे तेल पेटवतात, तो हाच खेळ.

हे तेल पाण्यात विरघळत नाही, दारूत विरघळते आणि साखर ते शोषून घेते. म्हणून बारवाला सालीची रंगीत बाजू पेल्याकडे करून पीळ देतो. जुन्या पंचसाठी साली साखरेत चोळून ठेवत. काही तासांत तळाशी सुगंधी पाक सुटे. गलगलीची साल सोलाण्याने सहज निघते, तेव्हा हे दोन्ही तिच्यावर करून पाहावे. कागदी लिंबावर सोलाणे चालवले तर कडू पांढरा थरही सोबत येतो. लिंबू बारीक किसणीवर हलकेच, हिरवा-पिवळा रंग जाईपर्यंतच फिरवावे आणि मग कापावे. किसलेल्या लिंबाचा रस निघतोच, नुकसान काहीच नाही.

तो कीस साखरेत चुरडून सरबत करा, वरणावर शेवटी चिमूटभर टाका, गोव्याच्या उर्राक नावाच्या दारूत घाला. आच लावलीत तर वास उडतो, म्हणून गॅस बंद केल्यावरच. बाजारातल्या चकचकीत फळांवर मेण असू शकते. ती कोमट पाण्यात घासून घ्यावीत. आणि हिरव्या लिंबाच्या साली हाताळल्यावर हात न धुता उन्हात बसू नका. सालीतली काही द्रव्ये ऊन लागल्यावर कातडी भाजल्यासारखी करतात, फोडही येतात.