बदलतं हवामान, आपलं शिवार (भाग ५) : पावसाचा खंड आणि वाढलेलं ऊन

मागच्या भागात पावसाचे खंड का पडतात ते पाहिलं. त्याच खंडात ऊनही वाढलं तर पिकाचं काय होतं, ते आज पाहू.

ऑगस्ट २०२३ आठवा. १९०१पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. सर्वांत उष्ण ऑगस्टही तोच. भोकर तालुक्यात या महिन्यात सोयाबीन फुलोऱ्यात असतं, शेंगा धरत असतं. ताण पडायला याहून वाईट वेळ नाही.

कोरड आणि उष्णता जोडीनं येतात, याला कारण आहे. ओल्या जमिनीवर पडलेल्या उन्हाची बरीच ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, त्यामुळे हवा फार तापत नाही. माठही पाझरतो तोवरच पाणी गार ठेवतो. जमीन सुकली की तीच ऊर्जा माती आणि हवा तापवते, आणि तापलेली हवा उरलासुरला ओलावा ओढून घेते.

ही ओढ किती वाढते? दुपारी ३३ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरा. हवेतली वाफ तेवढीच राहून पारा ३६वर गेला, तर हवेची ओढ जवळजवळ दीडपट होते. मग सोयाबीन पानांवरची रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कर्बवायू आत येत नाही; अन्न तयार होणं मंदावतं, फुलं गळतात, शेंगा पोचट राहतात. भारी काळ्या रानातलं पीक काही दिवस तग धरतं, माळावरच्या मुरमाड रानातलं आधी माना टाकतं.

यात माणसाचा हात किती? २०२३च्या खंडामागे एल निनो होता. पावसाच्या प्रत्येक ताणाचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. तापमानाचं तसं नाही. कोळसा, तेल जाळून माणसानं पृथ्वी सुमारे १.१ अंशांनी तापवल्याचं आयपीसीसीच्या २०२१च्या अहवालात नोंदवलं आहे. उष्णतेच्या लाटा आणि दुष्काळ एकाच वेळी येण्याचं प्रमाण जगभर वाढल्याचंही त्यात आहे. म्हणजे १९७२च्या दुष्काळाइतकाच पाऊस कमी पडला, तरी आजच्या पिकाची तहान जास्त असेल. या तापण्यात कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा नगण्य. नुकसान मात्र त्याच्या पदरी.

तरीही केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत पहिली कसोटी पावसाचीच आहे : तूट किंवा खंड. महसूल मंडळातलं महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र पावसाबरोबर तापमान आणि आर्द्रताही नोंदवतं. खंड ३० अंशांत गेला की ३६ अंशांत, यावर शेंगा भरणार की नाही ते ठरतं. म्हणून दुष्काळ ठरवताना आणि पीकविमा देताना या नोंदीही धरल्या पाहिजेत. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. ग्रामसभांनी ही मागणी ठरावांत मांडावी, लोकप्रतिनिधींनी ती पुढे न्यावी.

पुढच्या भागात : रुंद वरंबा सरी पद्धतीनं खंडाच्या काळात रानात ओल कशी टिकते.