ॲक्सिलेटर दाबला की पिकअप ‘घुंईं’ करते? दोष कुठे आहे ते मोबाइलने शोधा

कर्जत-खालापूर पट्ट्यात भाजी, भाताची पोती, विटा, फार्महाउसचं सामान असं सगळं पिकअपनेच फिरतं. माझ्या काकांची पिकअपही याच कामाला आहे. काही महिन्यांपूर्वी ती ४० ते ६० च्या वेगात ॲक्सिलेटर दिला की ‘घुंईं’ करायला लागली. पाय काढला की आवाज गायब. एक मेकॅनिक म्हणाला गिअरबॉक्स, दुसरा म्हणाला टर्बो. दोन्ही कामं महाग, म्हणून काहीही खोलण्याआधी आम्ही मोबाइल वापरून तपास केला. तुम्हालाही तो करता येईल.

आधी हे समजून घ्या

गाडीतला प्रत्येक फिरणारा भाग आपापल्या वेगाने फिरतो आणि त्याच्या आवाजाची पट्टी त्या वेगाबरोबर बदलते. बेल्ट, अल्टरनेटर, टर्बो हे इंजिनाशी बांधलेले आहेत. डिफरन्शियल, व्हील बेअरिंग आणि टायर हे चाकाशी बांधलेले आहेत. आवाज कोणाच्या मागे जातो ते कळलं की अर्धं काम झालं.

तीन सोप्या चाचण्या

१. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, रेस द्या. आवाज आला तर बेल्ट, अल्टरनेटरचं बेअरिंग किंवा स्टीअरिंग पंप बघा. नाही आला तरी टर्बो लगेच सुटत नाही, कारण त्याची शिट्टी बहुधा लोडवरच ऐकू येते. आवाज फक्त स्पीकरमधून येत असेल तर म्युझिक सिस्टीम बंद करून आणि चार्जर काढून बघा. कधीकधी तो अल्टरनेटरचा विद्युत गोंगाट असतो.

२. सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाने आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये चालवा. गाडीचा वेग तोच राहतो, इंजिनाचे फेरे बदलतात. पट्टी बदलली तर दोष इंजिन, टर्बो किंवा गिअरबॉक्सकडे. तशीच राहिली तर गिअरबॉक्सच्या पुढे, म्हणजे मागच्या बाजूला.

३. वेगात असताना ॲक्सिलेटर सोडा. आवाज लगेच बदलला किंवा थांबला तर डिफरन्शियलवर संशय घ्या. फरक पडला नाही तर टायर किंवा व्हील बेअरिंग. बेअरिंगचा आवाज वळणावर कमी-जास्त होतो, टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो.

आमच्या गाडीत पट्टी गिअरने बदलली नाही आणि पाय काढताच आवाज थांबला. म्हणजे संशय डिफरन्शियलवर.

आता मोबाइल

जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे. त्यातला ‘ऑडिओ स्पेक्ट्रम’ उघडला की कोणत्या हर्ट्झवर आवाज सर्वात मोठा आहे ते आलेखात दिसतं. गाडीचा वेग मीटरवरून न घेता जीपीएसवरून घ्या, कारण मीटर अनेकदा थोडा जास्त दाखवतो.

गणित असं. टायरवर खडूने खूण करा, गाडी एक पूर्ण फेरा ढकला आणि अंतर मोजा. समजा २.२ मीटर आलं. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ७.६ फेरे. क्राउनला ४१ दाते असतील तर ७.६ गुणिले ४१, म्हणजे साधारण ३१० हर्ट्झ. ४० किमीला हेच सुमारे २०७ येतं. आलेखातलं टोक दोन्ही वेगांना हिशोबाच्या जवळ आलं, तर क्राउन-पिनियनचे दातेच बोलतायत. आमचं तसंच निघालं. दात्यांची संख्या मेकॅनिककडून घ्या.

मोबाइल बाजूला बसलेल्याने धरायचा, चालवणाऱ्याने नाही. चाचणी रिकाम्या, सपाट रस्त्यावर करा. एक्स्प्रेसवेवर किंवा बोरघाटात नको.

ओबीडी स्कॅनर इथे फारसा कामाला येत नाही. दाते झिजले हे सांगणारा सेन्सर डिफरन्शियलमध्ये नसतो, त्यामुळे ‘एरर नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा होत नाही.

दुरुस्ती

गाडी सपाट जागी उभी करून आधी भरायचा वरचा बोल्ट उघडा. ऑइल त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. आमचं बरंच खाली होतं, पिनियन सील गळत होतं आणि ऑइल दुधाळ झालं होतं. दुधाळ म्हणजे आत पाणी. आपल्याकडे पावसाळ्यात ओढे आणि फरशी पूल पाण्याखाली जातात. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा खराब सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

आम्ही सील आणि पिनियन बेअरिंग बदललं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं नवीन ऑइल भरलं. त्याच रस्त्यावर पुन्हा मोजलं तेव्हा ते टोक बाकीच्या आवाजात बुडून गेलं होतं. दातेच झिजले असते तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागले असते. बेअरिंगचं सेटिंग मापाने करावं लागतं, ते जाणकार मेकॅनिककडेच सोपवा.

जाड ऑइल टाकून आवाज दाबू नका. ऑइलशिवाय चालणारं पिनियन बेअरिंग जाम होऊ शकतं आणि खोपोलीचा घाट उतरताना मागची चाकं लॉक होणं म्हणजे जिवाशी खेळ. पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात डिफरन्शियलचं ऑइल तपासून घ्या.