हॅनोवरचा आकाशपाळणा

जून २०१८ मध्ये जर्मनीतल्या हॅनोवरला, संगणक व्यवसायाच्या प्रदर्शनाच्या मैदानावर, आकाशपाळणा उभा राहिला. संगीताचे कार्यक्रम ठेवले होते, खाण्यापिण्याची रेलचेल होती, आणि इतकी वर्षे मार्चच्या थंडीत भरणारे प्रदर्शन त्या वर्षी मुद्दाम उन्हाळ्यात आणले होते. प्रदर्शनाचे नाव सेबिट. १९७० मध्ये हॅनोवरच्या औद्योगिक मेळ्यातला एक विभाग म्हणून ते सुरू झाले, १९८६ पासून स्वतंत्र भरू लागले आणि या शतकाच्या सुरुवातीला तिथे आठ लाखांहून अधिक लोक येऊन गेले. आकाशपाळण्याच्या वर्षी आले सुमारे १ लाख २० हजार. नोव्हेंबरात आयोजकांनी सेबिट कायमचे बंद करत असल्याचे जाहीर केले.

प्रेक्षक बदलतो आहे हे आयोजकांना कळले नव्हते, असे मुळीच नाही. नव्वदच्या दशकात घरगुती ग्राहकांची गर्दी वाढली, तेव्हा १९९६ मध्ये त्यांच्यासाठी ‘सेबिट होम’ वेगळे काढले. ते दोनदाच भरले. २०१४ मध्ये सेबिट फक्त व्यावसायिकांसाठी असल्याचे ठरवून तिकीट महाग केले. चारच वर्षांनी तरुणांना पुन्हा बोलावले, तेही उत्सवाचे आमिष दाखवून. प्रत्येक वेळी विचार झाला तो कोणाला आत घ्यायचे याचा. येणाऱ्याला इथे असे काय मिळेल, जे त्याला घरबसल्या मिळत नाही, हा प्रश्न मागेच राहिला. त्याचे कारण मला हिशेबात दिसते. स्टॉलचे भाडे चौरस मीटरवर आकारले जाते आणि प्रदर्शनाचा डोलारा मुख्यतः त्या भाड्यावर उभा असतो. साहजिकच आयोजकाचा कान स्टॉलधारकाकडे लागलेला असतो, आणि पाहायला येणारा माणूस हा स्टॉलधारकाला दाखवायचा आकडा होऊन बसतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे सगळे इंटरनेटने केले. नवे यंत्र पडद्यावर दिसत असेल तर हॅनोवरची वाट कोण धरेल? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. व्हिडिओ गेमच्या धंद्याइतका इंटरनेटशी एकरूप झालेला दुसरा धंदा शोधणे कठीण, आणि त्याच धंद्यातल्या दोन प्रदर्शनांची गत अगदी वेगळी झाली. लॉस एंजेलिसचे ई-थ्री १९९५ मध्ये सुरू झाले ते दुकानदार आणि पत्रकारांसाठी. पुढे कंपन्या खेळाडूंशी थेट बोलू लागल्या. निन्टेन्डोने २०१३ मध्येच तिथली मोठी पत्रकार परिषद सोडून चित्रफितीचा मार्ग धरला. सामान्य खेळाडूंसाठी हजारोंनी तिकिटे निघाली ती २०१७ मध्ये. तोवर उशीर झाला होता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ई-थ्री संपल्याची घोषणा झाली. कोलोनचे गेम्सकॉम मात्र २००९ पासून खेळाडूंना बोलावत आले आहे. २०२४ मध्येही तिथे तीन लाखांवर लोक आले. बाजारात न आलेला खेळ स्वतःच्या हातांनी खेळून पाहायला मिळतो, म्हणून लोक तिथे तासन्‌तास रांगेत उभे राहतात. तो अनुभव चित्रफितीत मिळत नाही.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. बघ्यांच्या गर्दीत खरा ग्राहक गुदमरतो, सौदे बसून बोलता येत नाहीत. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर तोडगाही आहे. गेम्सकॉममध्ये व्यावसायिकांची दालने वेगळी असतात. घड्याळांच्या व्यवसायात बाझेलवर्ल्ड हे बाझेल शहरातले जुने प्रदर्शन २०१८ मध्ये स्टॉलधारकांची निम्मी संख्या गमावून बसले. २०२० मध्ये रोलेक्स आणि पाटेक फिलिप यांनीही ते सोडले आणि जिनिव्हातल्या प्रदर्शनाची वाट धरली. त्या जिनिव्हाच्या प्रदर्शनाने २०२३ पासून शेवटचे दिवस तिकीट काढून येणाऱ्या सामान्यांना दिले. आधी सौदे, मग हौशी लोक. दोघांची सोय झाली.

घरबसल्या मिळत नाही ते इथे मिळते का, ही कसोटी आपल्याकडे सर्वांत चांगली लागते ती कृषिप्रदर्शनांना. शेतकऱ्याच्या हातात आता मोबाइल आहे. वाणाची माहिती, औषधाचे प्रमाण, ट्रॅक्टरची किंमत त्याला बांधावर बसून कळते. त्याच्या हातात पत्रक ठेवून त्याचे नाव आणि नंबर वहीत उतरवून घेणारा स्टॉल त्याला नवे काय देणार? बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या ‘कृषिक’ प्रदर्शनात पिके जमिनीत उभी असतात, आणि म्हणूनच मला ते मोलाचे वाटते. उभ्या पिकापुढे शेतकरी पान उलटून पाहू शकतो, दोन ओळींतले अंतर पावलांनी मोजू शकतो, पीक वाढवणाऱ्यालाच प्रश्न विचारू शकतो.

तरीही एक प्रेक्षक अजून बाहेरच आहे. खुरपणी, लावणी, वेचणी ही कामे आपल्याकडे मुख्यतः बायका करतात. यंत्राची माहिती मात्र बहुधा पुरुषाला सांगितली जाते, कारण पैसे त्याच्या खिशातून निघतात असे विक्रेता धरून चालतो. तण काढायचे यंत्र विकायला ठेवले असेल, तर त्याच्या शेजारी वाफाभर तणकट जमीन राखून ठेवायला हवी. मुठीची उंची बाईच्या हाताला बसते का, दांडा ढकलताना कंबर भरून येते का, तिच्या वेगाने ते ओळीत सरळ चालते का, हे तिने तिथेच चालवून पाहावे, आणि वहीत तिचे म्हणणे तिच्या नावाने लिहिले जावे.